चिंचोक्यांचे मनगट

निंबारी गावाला नदी आहे, नदीला घाट आहे, घाटावर महादेव आहे आणि महादेवाच्या मागे एक जुनी चिंच आहे. तिचा बुंधा कवेत घ्यायचा तर तीन माणसे लागतात. या चिंचेखाली पूर्वी दिवसाउजेडीही कोणी बसत नसे. चिंचेवर कोण राहते हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. अशा त्या झाडाखाली एके वर्षी महाराज येऊन बसले. कुठून आले, कोणी आणले, काही कळले नाही. आठ दिवसांनी घाटावरच्या बायका हंडे टेकवून तिथे दम खाऊ लागल्या, पंधरा दिवसांनी गुरे सावलीला बसू लागली, आणि महिन्याभरात निंबारीकर विसरूनच गेले की आपण या झाडाला भीत होतो. भाविकहो, महाराजांचा निंबारीतला हा पहिला चमत्कार. तो सहसा कोणी सांगत नाही, म्हणून आधी सांगून टाकला.

महाराजांनी आपले नाव-गाव कधी सांगितले नाही. लोक त्यांना चिंचेखालचे महाराज म्हणत. अंगावर एक पंचा आणि जवळ एक झोळी. झोळीत चिंचोके. पडलेले चिंचोके वेचायचे, नदीच्या पाण्यात धुवायचे, ओळी करून मांडायचे आणि संध्याकाळी पुन्हा झोळीत भरायचे, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. महादेवाचे गुरव भिकोबा त्यांची सेवा करीत. त्यांनी एकदा विचारले, "महाराज, हे रोज रोज काय मांडता?" महाराज म्हणाले, "ज्याचं त्याचं जागच्या जागी आहे ना, ते बघतो." भिकोबांना काही उमगले नाही. पण न उमगलेले मनात ठेवून ते सेवा करीत राहिले.

याच निंबारीत कोंडाबाई नावाची एक कासारीण राहत होती. नवरा जाऊन वीस वर्षे झाली होती. कपाळ मोकळे, हात मोकळे, आणि डोक्यावर बांगड्यांची टोपली. पंचक्रोशीतल्या बायकांच्या हातात ती बांगड्या भरी. तिच्या हातून भरलेली बांगडी दुखत नसे. समोरच्या मुलीचा हात ती हातात घेई, अंगठा तळव्यात दुमडी आणि विचारी, "काय गं, सासरची म्हैस किती दूध देती?" मुलगी म्हशीचा हिशेब सांगू लागे, आणि म्हैस पान्हवेपर्यंत इकडे चार बांगड्या मनगटावर गेलेल्या असत.

मात्र लग्नाचा चुडा किंवा डोहाळजेवणाचा हिरवा चुडा भरायला कोंडाबाईला कोणी बोलावत नसे. त्याला तालुक्याच्या गावचा कासार येई. रोजच्या बांगडीला चालणारा हात शुभकार्याला चालत नसे. कोंडाबाई यावर कधी काही बोलली नाही. कार्य असलेल्या घरावरून जाताना ती टोपलीवर पदर घेई आणि पाय उचलून चालू लागे, इतकेच.

पुढे असे झाले की त्या वर्षी तिचा उजवा हात दुखू लागला. दुखणे मनगटात, अंगठ्याच्या बाजूला. आधी नुसती कळ येई. मग भाकरी थापवेना. मग पाण्याचा तांब्या तोंडापर्यंत नेताना हात लटपटू लागला. एक दिवस सुताराच्या सुनेच्या हातात बांगडी भरताना अंगठ्यातून अशी चमक निघाली की कोंडाबाईची पकड सुटली आणि बांगडी वाढली. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. पण कासारणीच्या हातात बांगडी वाढली तर तिचे घर कमी होते. वीस वर्षांत असे कधी झाले नव्हते. कोंडाबाई घरी आली, टोपली कोपऱ्यात ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून रडली. हात गेला तर धंदा गेला, आणि धंदा गेला तर तिला विचारणारे या जगात कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती विश्वंभरशास्त्री वैद्यांच्या ओटीवर गेली. शास्त्रीबुवा विद्वान होते यात शंका नाही. मात्र आपण विद्वान आहोत हे त्यांना इतरांपेक्षा अंमळ जास्तच ठाऊक होते. नाडीपरीक्षा हा त्यांचा अभिमानाचा विषय. "मनगटाला तीन बोटं लावली, की काल काय जेवलात ते सांगतो," असे ते म्हणत, आणि खरेच सांगत. निंबारीत भाकरीखेरीज काल दुसरे काही जेवलेला माणूसच नसे, ही गोष्ट वेगळी.

शास्त्रीबुवांनी कोंडाबाईच्या मनगटावर फडके टाकून नाडी पाहिली, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "वात आहे. हे तेल घे. सकाळ-संध्याकाळ दणकून चोळायचं. अंगठा धरून ओढायचा. कडकड वाजला पाहिजे."

कोंडाबाईने चोळले. दणकून चोळले. चौथ्या दिवशी मनगट वांग्याएवढे झाले. ती पुन्हा ओटीवर गेली, तेव्हा चार माणसे बसलेली होती.

"शास्त्रीबुवा, चोळून जास्तीच झालं वो," ती म्हणाली.

आपले औषध चुकले असे चारचौघांत ऐकून घेणे हे शास्त्रीबुवांच्या प्रकृतीला मानवणारे नव्हते. ते म्हणाले, "माझं तेल बाधत नसतं, कोंडे. ज्या हाताला स्वतःचा चुडा नाही, त्यानं जगाला चुडे भरत हिंडायचं. तो हात दुखणार नाही तर काय होणार?"

चौघांपैकी दोघे हसले. दोघांनी खाली पाहिले. कोंडाबाई पायऱ्या उतरली. घराकडे जाण्यासारखे घरी काही नव्हते, म्हणून पाय जातील तिकडे गेली, आणि पाय चिंचेकडे गेले.

महाराज चिंचोके मांडून बसले होते. तिच्याकडे न बघताच म्हणाले, "ये माय. हात दाखव."

कोंडाबाईने हात पुढे केला. महाराजांनी तो धरला नाही. जमिनीवरचे चिंचोके बोटाने दाखवून ते म्हणाले, "मोज."

"चार हाईत. आन् खाली चार. आठ."

"तुझ्या मनगटात एवढेच आहेत. आठ हाडं, चार-चारच्या दोन ओळी. आठ बहिणी एका खोलीत राहतात. एकीचा धक्का दुसरीला लागतो, पण भांडत नाहीत. तू वीस वर्षं बायकांच्या हातातल्या या खोलीतून बांगडी घेऊन जातेस. त्या तुला वाट देतात. खरं ना?"

"व्हय म्हाराज," कोंडाबाई चकित होऊन म्हणाली. "बोटांना कळतं त्ये. पण आठ हाईत, ह्ये ठावं नव्हतं."

"त्या आठही जणी तुझ्या हातात सुखात आहेत. दुखणं त्यांचं नाही. लेंग्याच्या नेफ्यात नाड्या किती असतात?"

"एक."

"तुझ्या अंगठ्याच्या मुळाशी जो नेफा आहे ना, त्यात दोन आहेत. अंगठा दाबलास की त्या दोन्ही ओढल्या जातात. दिवसातून शंभरदा ओढल्यावर नेफा सुजणारच. आणि सुजलेला नेफा दणकून चोळला तर काय होईल?"

कोंडाबाईला हसू आले. चार दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती.

महाराजांनी भिकोबांकडून बांबूच्या दोन कामट्या मागवल्या. तिचा हात आणि अंगठा कामट्यांवर सरळ ठेवून पंच्याच्या पट्टीने बांधला आणि गळ्यात झोळी करून त्यात अडकवला. म्हणाले, "चाळीस दिवस हा हात माझा. तो तू वापरायचा नाहीस. माणसाला उसंत देतात, बैलाला देतात, मनगटाला कोणी देत नाही."

"आन् चाळीस दीस मी खाऊ काय, म्हाराज?"

"डावा आहे ना?"

असे म्हणून त्यांनी आठ चिंचोके उचलले, भोवती मूठभर कापूस गुंडाळला, आपल्या जुन्या मऊ पंच्याचा तुकडा फाडून त्यात ते बांधले आणि ते गाठोडे चिंचेच्या खालच्या फांदीला टांगले. झाले मुठीएवढे चिंचोक्यांचे मनगट! मग म्हणाले, "रोज येऊन डाव्या हातानं यावर बांगडी चढवायची आणि उतरवायची. आतले चिंचोके एकमेकांवर चढता कामा नयेत. बांगडी वाढता कामा नये. भाकरीची काळजी तू करू नकोस."

ती काळजी खरोखरच तिला करावी लागली नाही. पाण्याला येणाऱ्या बायका चिंचेखाली काही ना काही ठेवून जाऊ लागल्या. ज्यांच्या हातात तिने म्हशीच्या गोष्टी करीत बांगड्या भरल्या होत्या, त्यांना तिचा बांधलेला हात बघवत नव्हता. पण अभ्यास मात्र काही जमेना. पहिल्या दिवशी अकरा बांगड्या वाढल्या. डावा हात तो डावाच! चिंचोके आत खडखडत, एकमेकांवर चढत. महाराज दुरूनच म्हणत, "दोघी भांडल्या बघ. पुन्हा."

गावात ही बातमी गेली तेव्हा शास्त्रीबुवांना चेव आला. जो येईल त्याला ते सांगू लागले, "आम्ही बारा वर्षं नाडी शिकलो ती व्यर्थ! नाडी लेंग्याची असते म्हणे. आता महाराजांना एक सुई-दोरा नेऊन द्या, गावाचे लेंगे तरी शिवून होतील. आणि ती कासारीण! झाडाला बांगड्या भरते आहे! चिंचेचं डोहाळजेवण आहे वाटतं." लोक हसत. कोंडाबाईच्या कानावर हे जाई. ती सांगे, "म्हाराज, लोक हसत्यात." महाराज म्हणत, "हसू दे. हसताना मनगट दुखत नाही."

गंमत अशी की चिंचेचे नसले तरी डोहाळजेवण जवळ आलेच होते. शास्त्रीबुवांची एकुलती एक मुलगी द्वारका सातवा महिना लागल्यावर माहेरी आली होती. जावई दूरच्या गावी पंतोजी होते. कोंडाबाईला चिंचेखाली बसून छत्तीस दिवस झाले असताना शास्त्रीबुवांकडे थाट उडाला. आदल्या दिवशी शास्त्रीबुवांच्या पत्नी भामाकाकू घाटावर आल्या होत्या. कोंडाबाई धीर करून त्यांना म्हणाली, "काकू, रागावू नगा. पोटुशीचा हात सांजच्याला फुगतो. चुडा सैल भराया सांगा."

भामाकाकूंनी घरी जाऊन हे सांगितले. शास्त्रीबुवा कडाडले, "तिचा सल्ला घ्यायची वेळ आली का माझ्यावर? माझ्या मुलीचा हात नाजूक आहे. चुडा असा बसला पाहिजे की हलता कामा नये." आपल्याकडे घट्ट चुड्याची हौस फार. तो जितका तंग, तितका हात सुंदर आणि तितकी नवऱ्याची माया घट्ट, अशी एक समजूत आहे. तालुक्याच्या कासाराला काय, त्याने यजमानांच्या हुकमाप्रमाणे एक माप लहानच भरले. उजव्या हातात सात, डाव्या हातात सहा. द्वारकेच्या डोळ्यांत पाणी आले, ते बायकांनी आनंदाचे समजून घेतले.

तिसऱ्या दिवशी दोन गोष्टी एकदम झाल्या. सकाळी माणूस सांगावा घेऊन आला की जावई तापाने अंथरुणाला खिळले आहेत. तो ऐकून द्वारका तुळशीपुढे हात जोडायला परसात धावली, ओल्या दगडावरून पाय घसरला आणि पडताना तिने उजवा हात टेकला. पोट वाचले, पण सगळा भार आला मनगटावर. सातातल्या दोन बांगड्या तिथेच वाढल्या. पाच राहिल्या. आणि बघता बघता मनगट सुजू लागले.

आधीच तंग चुडा, त्यात गर्भारपणाची सूज आणि वर हा मुका मार. तासाभरात बांगड्या मांसात रुतल्या. दुपार व्हायच्या आत बोटे निळसर दिसू लागली. शास्त्रीबुवा लेप लावीत होते, मात्रा उगाळीत होते. शेवटी त्यांनी नाडी पाहण्यासाठी तीन बोटे मनगटाला लावली, तर बोटांखाली बांगड्या! बांगड्यांच्या वर लावली, खाली लावली, कुठेच नाडी लागेना. ज्या तीन बोटांनी आयुष्यभर गावाच्या नाड्या सांगितल्या, त्या बोटांना पोटच्या मुलीची नाडी सापडेना. शास्त्रीबुवांच्या कपाळावर घाम आला.

"बांगड्या वाढवायला हव्यात," ते म्हणाले आणि अडकित्ता घेऊन आले.

द्वारकेने हात छातीशी ओढला. "बाबा, नका हो! तिकडे ते आजारी, दोन आधीच वाढल्या. या पाच वाढवल्या तर मी जगायची नाही!"

तिला कसे समजवावे? आणि खरे सांगायचे तर अडकित्ता पुढे नेण्याचा शास्त्रीबुवांनाच धीर होईना. काच मांसात रुतलेली. तुकडा आत शिरला आणि नाडी कापली गेली, तर? वैद्यकी त्यांनी पुष्कळ केली होती, पण लोकांच्या मुलींची. तालुक्याचा कासार पाच कोसांवर. तो येईपर्यंत हात राहणार नव्हता, हे त्यांच्याइतके कोणालाच कळत नव्हते.

भामाकाकू उभ्या होत्या. आयुष्यात त्यांनी नवऱ्याला न विचारता उंबरा ओलांडला नव्हता. त्या दिवशी त्यांनी विचारले नाही. पायांत वहाण नाही, डोक्यावर पदर नाही, अशा त्या भर उन्हात धावत सुटल्या आणि चिंचेखाली येऊन कोंडाबाईपुढे पदर पसरून उभ्या राहिल्या. "कोंडाबाई, माझ्या द्वारकेचा हात वाचव गं!"

कोंडाबाईच्या हातातली बांगडी तशीच राहिली. तिने सगळे ऐकून घेतले आणि महाराजांकडे पाहिले.

"म्हाराज, आज एकुणचाळिसावा दीस. उजवा सोडू का?"

"नाही," महाराज म्हणाले. "तो माझ्याकडे आहे. डाव्यानं जा."

"डाव्यानं? म्हाराज, झाडावरचं गठुडं येगळं आन् पोरीचा हात येगळा!"

"आठच आहेत गं, माय. तिथंही आठच. ते गाठोडं घेऊन जा."

कोंडाबाईने फांदीचे गाठोडे सोडून घेतले आणि निघाली. ती गेल्यावर महाराजांनी आपला उजवा हात सरळ वर केला आणि म्हणाले, "भिकोबा, हा हात धर. मी सांगेपर्यंत खाली येऊ देऊ नकोस." भिकोबांनी हात धरला. का, ते त्यांनी विचारले नाही.

शास्त्रीबुवा दारातच उभे होते. कोंडाबाई पायऱ्यांशी थांबली. तेच दार, त्याच पायऱ्या. शास्त्रीबुवांच्या तोंडून 'ये' निघेना आणि 'जा' म्हणवेना. तोच आतून द्वारका कळवळून म्हणाली, "कोंडामावशी, ये गं लवकर!" शास्त्रीबुवा बाजूला सरले.

आत येताच कोंडाबाई म्हणाली, "काकू, पोरीचा हात असा उभा धरा. डोक्याच्या वर. धरूनच ऱ्हावा." मग तिने गार पाण्याची फडकी मनगटाला लावायला सांगितली. एक वाटी गोडेतेल मागितले. थोड्या वेळाने डाव्या हाताची बोटे हळूच सुजेवर ठेवून तिने डोळे मिटले. शास्त्रीबुवा श्वास रोखून बघत होते. ही तर नाडी बघावी तशी बघते आहे! पण ती नाडी बघत नव्हती. ती मोजत होती.

"आठी जणी जागच्या जागी हाईत," ती म्हणाली. "हाड सरकलं न्हाई. मुरगाळलाय नुसता."

मग तिने दातांनी गाठोड्याची गाठ सोडली. चिंचोके द्वारकेच्या डाव्या मुठीत दिले, कापूस बाजूला ठेवला आणि महाराजांच्या पंच्याचा तो मऊ तुकडा तेलात भिजवून बांगड्यांच्या खालून हळूहळू सरकवला. त्याचे दुसरे टोक तळव्यावर ओढून घेतले. अंगठा दुमडला. पहिली बांगडी बोटांत धरली. महाराजांचे नाव घेतले.

आणि द्वारकेला विचारले, "काय गं, सासरची म्हैस किती दूध देती?"

द्वारकेचे डोळे वाहत होते. तशातही तिला हसू फुटले. "मावशी, म्हैस नाही गं. गाय आहे."

"गाय? मग जावयांना खरवस कशाचा घालतीस?"

"गाईचाच. त्यांना आवडतो. मागच्या खेपेला..." आणि मागच्या खेपेला काय झाले ते द्वारका सांगू लागली. कोंडाबाईला पुढे सांगता आले ते एवढेच, की बोटांखालची सूज उतरत गेली. तापल्या तव्यावर शिंपडलेले पाणी जावे तशी गेली. आठही बहिणी अंग चोरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी वाट दिली. पहिली बांगडी पंच्यावरून घसरत अंगठ्याच्या गाठीवर आली, क्षणभर अडली आणि बाहेर पडली. अख्खी! भामाकाकूंनी ती पदरात झेलली. मग दुसरी. मग तिसरी. खरवस संपून गोष्ट गाईच्या वासरावर आली तेव्हा पाचवी बांगडी भामाकाकूंच्या पदरात पडली. एकही वाढली नाही. एकही नाही!

शास्त्रीबुवा खाली बसले. त्यांनी मुलीच्या मनगटाला तीन बोटे लावली. नाडी लागली. ठण ठण ठण, चांगली खणखणीत नाडी! बोटांवर रंग परत येत होता. शास्त्रीबुवा मोठा माणूस, पण त्या क्षणी त्यांनी मुलीचा हात गालाशी धरला आणि लहान मुलासारखे रडले. भामाकाकू पाच बांगड्या पुन्हा पुन्हा मोजत होत्या. घराने सकाळपासून पहिल्यांदा श्वास सोडला.

कोंडाबाई म्हणाली, "आता ह्या हाताला उसंत द्या. कामट्या बांधा. आन् शास्त्रीबुवा, चोळू नगा."

"चोळत नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "बाई, हे तू केलंस कसं? तुझा हात तर डावा."

"म्या कुठं केलं? म्हाराजांनी केलं."

हे ऐकून शास्त्रीबुवा उठले आणि तसेच चिंचेकडे निघाले. मनात कृतज्ञता होती, पण खोटे कशाला सांगा, थोडी शंकाही होती. महाराज तर जागचे हललेही नाहीत, मग त्यांनी केले ते काय?

चिंचेखाली भिकोबा अजून महाराजांचा हात वर धरून उभे होते. शास्त्रीबुवांना पाहताच महाराज म्हणाले, "सोड आता, भिकोबा." हात खाली आला, आणि शास्त्रीबुवांनी तो पाहिला. महाराजांचे ते काटकुळे मनगट टम्म सुजले होते. बोटे निळी पडली होती. आणि मनगटावर एकाखाली एक, गोल, खोल वळ उमटले होते. शास्त्रीबुवांनी मोजले. पाच.

भिकोबा म्हणाले, "थोड्या वेळामागं एकाएकी सुजला बघा. मग येकेक वळ उठत गेला. मी म्हणलं, महाराज, सोडू का? तर म्हणाले, अजून वासराची गोष्ट व्हायची आहे."

शास्त्रीबुवांना शंका घ्यायला आता जागाच नव्हती. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

महाराजांनी तो सुजलेला हात त्यांच्यापुढे केला आणि हसून म्हणाले, "शास्त्रीबुवा, आमची नाडी बघा. काल काय जेवलो ते सांगा."

शास्त्रीबुवांनी हात धरला तो नाडी बघायला नव्हे. तो कपाळाला लावून ते मातीत बसले आणि म्हणाले, "महाराज, मी ओटीवर बसून एका गरीब बाईच्या हाताला नाही नाही ते बोललो. क्षमा करा."

"माझ्या हाताला बोललात का?"

"नाही."

"मग माझ्याकडे का मागता?" महाराज म्हणाले आणि पुन्हा चिंचोके मांडायला लागले, डाव्या हाताने.

दुसरा दिवस चाळिसावा. सकाळीच सांगावा आला की जावयांचा ताप काल दुपारी उतरला. महाराजांच्या हाताची सूज रात्रीत ओसरली होती, वळ तेवढे पुसट दिसत होते. त्याच हाताने त्यांनी कोंडाबाईच्या कामट्या सोडल्या. म्हणाले, "घे तुझा हात. जपून वापर. थकला की सांगतो तो, ऐकत जा." कोंडाबाईने अंगठा भीत भीत दुमडला. कळ आली नाही. पुन्हा दुमडला. नाही! ती महाराजांच्या पायांवर पडली, आणि त्यांनी तिला उठवून म्हटले, "आता टोपली आण. गिऱ्हाईक येतंय."

गिऱ्हाईक खरेच येत होते. घाटाच्या वाटेने भामाकाकू येत होत्या, कामट्यांत हात बांधलेली द्वारका येत होती आणि पुढे शास्त्रीबुवा. पाणी भरणाऱ्या बायका हंडे टाकून बघत राहिल्या. कोंडाबाई डोक्यावर टोपली घेऊन समोरून आली. शास्त्रीबुवा तिच्यापुढे उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "कोंडाबाई, माझ्या मुलीचा डावा चुडाही काल रात्रीपासून रुतू लागला. तो उतरव, आणि त्या हातात नवा हिरवा चुडा तुझ्या हातानं भर. उजव्यात त्या पाच, सूज उतरली की तूच चढव. आणि सैल भर, बाई. जशी तुझी बोटं सांगतील तसा भर."

कोंडाबाईच्या डोळ्यांपुढे चिंच हलू लागली. वीस वर्षांत शुभकार्याचा चुडा तिला कोणी भरायला सांगितला नव्हता. टोपली उतरवायला तिने हात वर केले, पण त्याआधीच शास्त्रीबुवांनी दोन्ही हातांनी टोपली धरली. निंबारीत विश्वंभरशास्त्र्यांनी कोणाचे ओझे उतरवलेले कोणी पाहिले नव्हते. त्यांनी टोपली उचलली आणि वाकून अलगद कोंडाबाईच्या पायांशी ठेवली. टोपली जमिनीला टेकली, पण शास्त्रीबुवा वर उठले नाहीत. ते तसेच वाकून राहिले. त्यांचे डोके तिच्या पायांशी होते आणि खांदे हलत होते.

घाटावर कोणी हसले नाही. कोंडाबाई गोंधळून गेली. तिने महाराजांकडे पाहिले, महाराज झाडाकडे बघत होते. शेवटी तीच म्हणाली, "उठा वो, शास्त्रीबुवा! वाकून वाकून कंबर धरंल. मग चोळायला कुनी सांगायचं?"

आणि मग जो तो हसला. द्वारका हसली, भामाकाकू डोळे पुसत हसल्या, स्वतः शास्त्रीबुवा वाकल्या वाकल्या हसले आणि हसत हसत उठले. चिंचेखाली बसून कोंडाबाईने द्वारकेचा डावा हात हातात घेतला आणि म्हशीऐवजी गाईची चौकशी सुरू केली.

अशी ही निंबारीच्या चिंचेखालची गोष्ट. भाविकहो, आपणही महाराजांपुढे दोन्ही हात जोडू या. कोणाचे मनगट दुखत असेल, तर त्याने जरा हळू जोडावेत. महाराजांना चालते.